सव्वासातची हाक

घर दाखवायला नेलं तेव्हा काकांनी मला आधी छत दाखवलं. चार जिने चढून माझा जीव मेटाकुटीला आला होता. मला वाटलं, आता गंगा दाखवणार. बनारसमध्ये सगळे तेच करतात. पण हे गृहस्थ गंगेकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "कपडे वाळत घालायला दोरी कशाची बांधणार? सुती की तारेची?"

"काका, मी अजून खोली पाहिली नाही," मी म्हटलं.

"तारेची चालणार नाही. बिलकुल नाही. सुती किंवा प्लास्टिकची. आणि माझी तार अशी जाते," त्यांनी एक हात लांब केला, "म्हणून तुझी दोरी अशी." दुसरा हात पहिल्याला आडवा धरून ते उन्हात तसेच उभे राहिले, मी हो म्हणेपर्यंत.

मी हो म्हटलं. बँकेने मला नाशिकहून उचलून बनारसला आणून टाकलं होतं, ब्रह्मा घाटावर मराठी बोलणारं घर मिळत होतं, आणि दोरी कशी बांधायची यावरून भांडायचं त्राण नव्हतं. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं की पुढची साडेतीन वर्षं या घरात जे काही घडेल ते त्या तारेवरूनच घडेल.

काका रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले. त्यांचं घराणं काशीत कधी आलं ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. "पेशव्यांच्या वेळी कधीतरी," एवढं सांगून ते विषय संपवत, कारण त्यांना दुसऱ्याच विषयावर यायचं असे. तो विषय म्हणजे हौशी रेडिओ. सरकारची परीक्षा देऊन मिळवलेला परवाना त्यांनी चौकट करून देवघराशेजारी टांगला होता. काकू रोज देवांना फुलं घालताना एक फूल त्यालाही घालायच्या. श्रद्धेने की चेष्टेने, ते मी कधी विचारलं नाही.

रेडिओची खोली तिसऱ्या मजल्यावर, माझ्या खोलीच्या बरोबर खाली. आत एक टेबल, त्यावर काकांनी स्वतः जुळवलेला सेट, एक मायक्रोफोन, आणि एका काचेमागे डुलणारी सुई. वर छतावर लोखंडी पाइप, पाइपच्या टोकाला एक साबणाची डबी, आणि त्या डबीतून दोन बाजूंना उतरत गेलेली तांब्याची तार. एक टोक आमच्या कठड्याला, दुसरं शेजारच्या कठड्याला. एवढ्या सरंजामावर हा माणूस रोज सकाळी तेरा-चौदाशे किलोमीटरवर बोलायचा. त्या सेटची ताकद घरातल्या एका दिव्याइतकी आहे हे ते मोठ्या अभिमानाने सांगत. मला त्यात अभिमान वाटण्यासारखं काय आहे ते कळायला वेळ लागला.

रेडिओवर बोलण्याची शिस्त त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की घरातही ते तसेच बोलत. समोरच्याचं वाक्य संपलं की दोन सेकंद थांबायचं, मग उत्तर द्यायचं. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं, म्हणून. सुरुवातीला मला वाटायचं, यांना कमी ऐकू येतं. मी मोठ्याने पुन्हा विचारायची, आणि ते हात वर करून म्हणायचे, "एकदाच. एकदाच. पोचलं." भाजीवाल्याशीही तेच. तो बिचारा दोन सेकंदांत भाव कमी करून मोकळा व्हायचा.

आणि दुसरी सवय गुण द्यायची. हौशी रेडिओवाले एकमेकांना आवाज कसा येतोय ते दोन आकड्यांत सांगतात. पहिला आकडा स्पष्टपणाचा, पाचपैकी. दुसरा ताकदीचा, नवापैकी. पाच-नऊ म्हणजे उत्तम. काका हे आकडे सगळ्या जगाला वाटत फिरत. घाटावरची आरती पाच-सात. गल्लीतल्या लग्नाचा बँड दोन-नऊ, म्हणजे ताकद भरपूर आणि कळत काही नाही. माझं हिंदी ऐकून त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात तीन-आठ देऊन टाकले.

काकूंच्या स्वयंपाकाला मात्र कधी आकडा मिळाला नाही. एकदा जेवताना मी मुद्दाम विचारलं, "काका, आमटी किती?"

दोन सेकंद. "आमटी नेहमीचीच आहे."

"म्हणजे किती?"

"मी काही बोलतो आहे का? नाही ना? बोललो नाही म्हणजे ठीक आहे. परत काही आलं नाही म्हणजे सगळं पोचलं."

हा त्यांचा सिद्धान्त होता, आणि तो ते सेटसमोरच्या सुईवरून शिकले होते. मला तो त्यांनी कितीदा तरी समजावला. सेटमधून निघालेली ताकद केबलमधून छतावर जाते. तार नीट असेल तर ती ताकद घेते आणि हवेत सोडते. तार बिघडलेली असेल तर घेत नाही, परत पाठवते. किती परत आली ते ही सुई सांगते. सुई पडून राहिली तर समजायचं की सगळं गेलं. काकूंनाही ते याच हिशेबाने वागवत. काकू कधी तक्रार करत नसत, म्हणून घर उत्तम चाललं होतं.

काकूंचा गुडघा दुखतो हे मला राहायला आल्यावर दहा दिवसांत कळलं. जिना चढताना त्या प्रत्येक वळणावर बसत आणि कोणी पाहिलं तर पदराने कठडा पुसायला लागत. मी ओवा घालून तेल गरम करून द्यायची. "यांना नको सांगूस," त्या म्हणायच्या. "परेशान होतील." हे परेशान होतील यावर माझा काडीचा विश्वास नव्हता, पण मी गप्प बसायची. काकूंचा विरंगुळा एकच, संध्याकाळच्या टीव्हीवरच्या मराठी मालिका. माहेर काशीतलं, सासर काशीतलं, जन्मात महाराष्ट्रात राहिल्या नाहीत. "बाहेर निघालं की सगळं हिंदीच ना गं," त्या म्हणायच्या. "तेवढंच दुसऱ्या कुणाचं मराठी कानावर पडतं."

काकांच्या कानावर पडणारं मराठी सकाळी सव्वासातला पडायचं. देवरुखच्या बाजूला एक गृहस्थ होते. नाव मला कधी कळलं नाही. काका त्यांना 'देवरुखवाले' म्हणत, आणि ते काकांना 'काशीवाले'. दोघांची तीस वर्षांची ओळख, आणि एकदाही भेट नाही. फोनही नाही. नंबरच घेतले नव्हते. दोघांनी मिळून तसं ठरवलं होतं म्हणे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच फुटलं.

"अहो पण का? खिशात फोन असताना?"

"फोनवर माणूस मिळतोच," काका म्हणाले. "त्यात काय? रेडिओवर शोधावा लागतो. सूर्य, हवा, पाऊस, तार, सगळं जुळलं तर सापडतो. सापडला की आनंद होतो. रोज होतो. तुझ्या फोनवर कुणी भेटलं तर तुला रोज आनंद होतो का?"

मला शाखा व्यवस्थापकांचे फोन आठवले आणि मी वाद सोडून दिला.

रोज सकाळी मी चहा घेत असताना खालून तो आवाज यायचा. खरखर, शिटी, आणि त्यातून हळूहळू वर येणारा म्हातारा कोकणी हेल. "काशीवाले, काशीवाले, आहात ना?" मग काका. मग आकडे. मग तिकडे आंब्याला मोहर कसा, इकडे गंगा किती खाली गेली. शेवटी देवरुखवाले ठरलेलं विचारत, "घरी सगळे?" आणि काका ठरलेलं सांगत, "सगळे ठीक." पाच-सात मिनिटांत संपायचं. तीस वर्षं हे दोघं एवढंच बोलले. पण त्या वेळात काकूंनी दूध उतू जातंय म्हणून हाक मारली तरी काका उठत नसत. दूध उतू जायचं.

आता आंधीबद्दल. बनारसला उन्हाळ्याच्या शेवटी जी येते तिला घरात कुणी वादळ म्हणत नाही, आंधीच म्हणतात. त्या सोमवारी दुपारी चारला बँकेच्या खिडकीतून मला आकाश हळदीसारखं पिवळं झालेलं दिसलं, आणि पाच मिनिटांत समोरचा रस्ता दिसेनासा झाला. मग पाऊस. संध्याकाळी घरी आले तर गल्लीत पत्रे, फांद्या, कुणाची तरी कुंडी. आमच्या छतावर काका पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यात उभे होते. शेजारच्या टाकीचं झाकण उडून थेट पाइपवर आदळलं होतं. पाइप वाकला होता आणि शेजारच्या कठड्याकडची तार सुटून आमच्या छतावर वेटोळं करून पडली होती.

"काका, आत चला, भिजताय."

दोन सेकंद. "सकाळी सव्वासातला काय होणार?"

मंगळवारी सकाळी काही झालं नाही. काका तार नसलेल्या सेटसमोर बसून राहिले. दिवसभरात त्यांनी घाटावरच्या एका ओळखीच्या नावाड्याला बोलावून आणलं. त्याने पाइप सरळ केला, शेजाऱ्यांच्या कठड्यावर चढून तार ओढून बांधली. पाइपच्या टोकाला काकांनी कप्पी लावलेली होती, तिच्यावरून डबी खाली घेऊन काकांनी चष्म्यातून बाहेरचे सगळे जोड पाहिले. डबीच्या झाकणाला केसाएवढा तडा दिसत होता. काकांनी त्यावर काचा बसवायची लांबी फासली, वर मेण ओतलं, मग डांबर. खालून तर ती आधीपासूनच बंद होती. "आता पाण्याचा बाप आला तरी आत जाणार नाही," ते म्हणाले.

नावाडी तारेला टिचकी मारून म्हणाला, "बाबूजी, तार त एकदम टाइट हौ."

काकांनी खाली जाऊन सेट लावला. सुई पडूनच राहिली. हललीसुद्धा नाही. एरवी ती जराशी थरथरायची. काकांनी हाक मारून मला माझ्या खोलीतून खास खाली बोलावलं. "बघ! आंधीच्या आधी एवढी शांत नव्हती. आंधीने तार सुधारली!" इतके खूश होते की त्यांनी नावाड्याच्या बांधकामाला जागेवर पाच-नऊ दिले.

बुधवारी सव्वासातला देवरुखवाले आले. आवाज जरा लांबून, पण स्वच्छ. "काशीवाले, आहात ना?" काकांनी उत्तर दिलं. तिकडून पुन्हा, "काशीवाले, आहात ना?" काकांनी पुन्हा उत्तर दिलं, मोठ्याने. मग शेवटी तिकडून, "आज नाहीत वाटतं," आणि खरखर.

काका म्हणाले, उन्हाळ्यात हवा अशी असते. मीही मान डोलावली.

गुरुवारी मी मुद्दाम खाली जाऊन बसले. देवरुखवाल्यांनी तीनदा हाक मारली. तीनदा काकांनी मायक्रोफोन तोंडाशी धरून सांगितलं, "आहे, आहे, मी आहे." सुई शांत. मग तिकडचा आवाज म्हणाला, "काशीवाले, तुम्ही ऐकत असाल असं धरून सांगतो. रविवारी स्टेशन बंद करतोय. मुलगा न्यायला आलाय. मुंबईला फ्लॅटमध्ये तार लावू देत नाहीत म्हणाला. रविवारी सव्वासातला शेवटची हाक मारीन. तुम्ही तिकडे काशीत..." इथे तो आवाज थांबला. "काशीत आहात म्हणून जरा भलतंसलतं मनात येतं, दुसरं काही नाही. आहात ना?"

काका ओरडले, "आहे!" इतक्या मोठ्याने की खाली काकूंच्या हातून वाटी पडली. पण देवरुखला काही गेलं नाही.

त्या दिवसापासून घराची रयाच गेली. काकांनी सेट उघडला, जोडला, पुन्हा उघडला. इतर शहरांतल्या ओळखीच्या लोकांना हाका मारल्या. त्यांचे आवाज येत होते, यांचा कुणाकडेच जात नव्हता. छतावर जाऊन तार पाहायची, खाली येऊन सुई पाहायची. तार ताठ, सुई शांत. दोष असायला जागाच नव्हती. जेवताना ते दोन सेकंदांऐवजी दहा-दहा सेकंद थांबायला लागले आणि मग उत्तर द्यायचं विसरून जात.

मी शुक्रवारी बँकेतून चार फोन केले, एका हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळाकडून दुसऱ्याचा नंबर, दुसऱ्याकडून तिसऱ्याचा, आणि संध्याकाळी देवरुखवाल्यांचा नंबर कागदावर लिहून काकांसमोर ठेवला. मला वाटलं होतं शाबासकी मिळेल.

त्यांनी कागद उलटा करून ठेवला.

माझा तोल गेला. मी तशी चिडकीच आहे, आणि त्यात दोन दिवस हे ताटकळणं. "काका, पुरे झाला हट्ट! तो माणूस तिकडे तुम्हाला मेलेलं समजतोय. एक फोन करा, सांगा जिवंत आहे म्हणून. तुमच्या त्या तारेपेक्षा माणूस मोठा नाही का?"

ते म्हणाले, "तीस वर्षं तो माणूस हाक मारून बसतो आणि ऐकतो. शेवटच्या दिवशी त्याने हाक मारायची, तिथे उत्तर मिळायचं नाही, आणि मग खिशात फोन वाजायचा? त्याला कळेल मी आहे. पण त्याची शेवटची हाक रिकामीच गेली ना. ती मला जाऊ द्यायची नाहीये." मग हळू आवाजात, "रविवारी सव्वासातपर्यंत मला दे. त्यानंतर तू म्हणशील तसं."

मी कागद परत घेतला. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं, म्हणून मी तावातावाने जिना चढून गेले.

रविवारी सकाळी सहाला मी फोन हातात घेऊन खाली आले. उजाडलं होतं, घाटावर आंघोळी चालल्या होत्या. काका सेटसमोर होते, दाढी केलेली, धुतलेला कुर्ता. काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्या खोलीचा उंबरा त्या सहसा ओलांडत नसत.

काका सुईकडे बोट करून कुणालाच न बघता बोलत होते. "परत काही येत नाहीये. बघा. काहीसुद्धा परत येत नाहीये. म्हणजे सगळं जातंय. मग पोचत का नाही?"

काकूंनी कप टेबलावर ठेवला. पदराला हात पुसले. आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "चाळीस वर्षं मीही परत काही पाठवलं नाही. म्हणून काय तुमचं सगळं माझ्यापर्यंत पोचत होतं?"

काकांनी दोन सेकंद घेतले. चार घेतले. मग वळून विचारलं, "मग कुठे जात होतं?"

"वाटेत जिरत होतं," काकू म्हणाल्या. "राग आला, जिरवला. वाईट वाटलं, जिरवलं. परत पाठवायलाही काही उरायला लागतं ना हो."

काका ताडकन उठले. मला वाटलं, आता हा माणूस बायकोचा हात धरणार, माफी मागणार, निदान काहीतरी बोलणार. ते आमच्या दोघींच्या मधून निघून धाडधाड जिना चढून छतावर गेले.

"काकू!" मी संतापाने म्हटलं. "तुम्ही एवढं मन उघडं केलंत, आणि हे तार बघायला गेले!"

काकू हसल्या. डोळे पुसत हसल्या. "जाऊ दे. एक तरी पोचलं."

वरून आरोळी आली. "सुई बघ! मी तार काढली! सुई बघ!"

मी काकांनी शिकवल्याप्रमाणे बटण दाबलं, क्षणभरच. तारच काढली म्हटल्यावर आता सगळी ताकद परत यायला हवी होती आणि सुई उजवीकडे आपटायला हवी होती. सुई झोपलेली. मी खिडकीतून ओरडले, "हलत नाही!"

"केबल खातेय! केबल! वर जातच नाहीये काही, आणि जे थोडं परत फिरतंय तेही वाटेत संपतंय! बटण सोड! वर या, दोघीही या!"

दोघीही. मी काकूंकडे पाहिलं. वर्षभरात त्या छतावर गेल्या नव्हत्या. त्यांनी पदर खोचला आणि कठड्याला धरून चढायला लागल्या. या वेळी मध्ये बसल्या नाहीत.

छतावर काकांनी कप्पीवरून डबी खाली घेतली होती आणि चाकूने डांबर खरवडत होते. झाकण निघालं. आत काठोकाठ पाणी. झाकणाच्या तड्यातून सोमवारचा पाऊस आत शिरला होता आणि डबी खालून बंद असल्याने बाहेर पडायला वाट नव्हती. म्हणून ते केबलच्या आत उतरलं होतं. काकांनी केबल मध्ये कापली. आतलं तांबं काळंहिरवं झालेलं, आणि टोकातून थेंब थेंब पाणी गळायला लागलं. मंगळवारी त्यांनी वरून लांबी, मेण आणि डांबर लावून ते पाणी पक्कं कोंडून टाकलं होतं.

"मीच," काका म्हणाले. "खाली एक भोक ठेवायचं. पहिल्या वर्षाच्या मुलाला कळतं. पाणी आत येणारच, त्याला बाहेर जायला भोक ठेवायचं. मी म्हटलं, येऊच देणार नाही."

साडेसहा वाजून गेले होते. रविवार, दुकानं बंद. छतापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत जाईल एवढी दुसरी केबल घरात नव्हती. काका हातातल्या ओल्या तुकड्याकडे बघत बसले.

काकूंनी छताच्या कोपऱ्याकडे हात केला. तिथे त्यांच्या टीव्हीची छत्री होती आणि तिच्यापासून खाली दिवाणखान्यात गेलेली काळी केबल. "ती काढा."

काकांनी वर पाहिलं. "तुझी मालिका?"

त्यांना ती मालिका आहे हे माहीत होतं, याचंच मला आश्चर्य वाटलं.

"काढा म्हणते ना," काकू म्हणाल्या.

मग अर्धा तास कुणी कुणासाठी दोन सेकंद थांबलं नाही. मी दिवाणखान्यातून केबल सोडली, काकूंनी ती छतावर ओढून घेतली, काकांनी टोकं सोलून डबीत स्क्रूखाली आवळली. त्या केबलला कथलाचा डाख लागत नाही म्हणे. डबीच्या तळाला त्यांनी तापवलेल्या खिळ्याने भोक पाडलं, मोठं, बोट जाईल एवढं. काकू दोरी ओढत होत्या, मी काकूंच्या मागे तीच दोरी ओढत होते, आणि डबी पाइपच्या टोकाला जाऊन टेकली. खाली आलो तेव्हा सात वाजून अकरा मिनिटं झाली होती.

काकांनी बटण दाबलं. सुई हलली. पडून नाही राहिली, चांगली थरथरत वर आली आणि तिथेच राहिली. आंधीच्या आधीपेक्षाही जास्त.

"वाईट आहे का?" मी विचारलं.

"आहे थोडं," काका म्हणाले. "पण जिवंत आहे."

सव्वासात. खरखर. शिटी. आणि कालपेक्षा कितीतरी जवळून तो आवाज, "काशीवाले, काशीवाले. शेवटचं विचारतो. आहात ना?"

काकांनी मायक्रोफोन उचलला. "आहे. काशीतून. आहे मी."

खरखर. एवढा वेळ खरखर की मी कागदावरचा नंबर फोनमध्ये टाकायला सुरुवात केली.

"आहात!" तिकडून आलं. आणि मग त्या माणसाला पुढे बोलताच येईना. नाक ओढल्याचा आवाज आला. "पाच-सहा. काशीवाले, पाच-सहा. काय झालं होतं?"

"आंधी आली. केबलमध्ये पाणी. मला वाटलं सगळं ठीक आहे."

"आम्हाला वाटतंच," देवरुखवाले म्हणाले. मग नेहमीचं, "घरी सगळे?"

काकांनी बटण दाबलं, तोंड उघडलं, आणि थांबले. दोन सेकंद. "एक मिनिट थांबा," ते म्हणाले. "विचारून सांगतो."

ते खुर्चीत वळले. काकू उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या, भिंतीला टेकून, एका पायावर भार टाकून.

"कशी आहेस?" काकांनी विचारलं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. "गुडघा दुखतो," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली."

काकांनी तोंड मायक्रोफोनकडे वळवलं आणि हवामान सांगावं तसं एक एक शब्द सुटा करून सांगितलं, "गुडघा दुखतो म्हणते. दोन वर्षांपासून. मला आज कळलं."

तिकडून आवाज आला. "आमच्या हिचाही दुखायचा. मी विचारलंच नाही. तुम्ही विचारत जा." आवाज बुडाला, पुन्हा वर आला. "चला. पोरगा तार उतरवायला वर चढलाय. काशीवाले, त्र्याहत्तर." हा त्यांचा निरोपाचा आकडा, नमस्कारासारखा.

"त्र्याहत्तर, देवरुखवाले," काका म्हणाले.

त्यानंतर नुसती खरखर राहिली. काका आठ वाजेपर्यंत ती ऐकत बसले. काकूंना त्यांनी आपली खुर्ची दिली होती आणि स्वतः स्टुलावर बसले होते. मी कागद फाडून टाकला. नंबर वापरायची गरज कुणालाच उरली नव्हती.

सोमवारी काका स्वतः जाऊन काकूंच्या टीव्हीसाठी नवी केबल घेऊन आले आणि मग काकूंना रिक्षात घालून हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. निघताना सामान खाली नेत होते, तेव्हा रेडिओच्या खोलीचं दार उघडं होतं. सव्वासात होत आले होते, सेट बंद होता, आणि काका तिथे नव्हते. खालून स्वयंपाकघरातून दोघांची कुजबुज येत होती.

टेबलावर त्यांची नोंदवही उघडी होती. प्रत्येक बोलण्याची वेळ, कुठून आलं, आवाज कसा होता, हे सगळं त्यात टिपायचा नियम असतो, आणि काका नियम सोडणाऱ्यांपैकी नव्हते. मी पाहायला नको होतं, पण पाहिलं. पान भरून एकाच वेळेच्या नोंदी होत्या, रोजची एक. आदल्या दिवशीची शेवटची होती. वेळ सव्वासात. ठिकाण स्वयंपाकघर. जिना उतरताना दुखतो, चढताना कमी. नीट ऐकू आलं.